सलग सात एक्के!

ऐकलंत का? अमेरिकेतल्या सॅन होझेचा ल्यूक डुरांट. २०२४ मध्ये वय छत्तीस, एन्व्हिडियासारख्या कंपनीत नोकरी करून बाहेर पडलेला, म्हणजे खाऊनपिऊन सुखी. अशा माणसानं काय करावं? घर बांधावं, गाडी घ्यावी, गेला बाजार मोरजीला येऊन किनाऱ्यावर आडवं पडावं. यानं काय केलं, तर १७ देशांतले कॉम्प्युटर भाड्यानं घेतले, वर्षभर खिशातला पैसा त्यांत ओतला आणि १२ ऑक्टोबर २०२४ ला एक आकडा शोधून काढला. सोनं नव्हे, तेल नव्हे, मँगनीज नव्हे. आकडा! तोही असा की ज्याला दुसऱ्या कशानं भागच जात नाही.

आणि बक्षीस किती? ३,००० डॉलर. ते त्यानं अलाबामातल्या एका शाळेच्या गणित विभागाला द्यायचं ठरवलं. आता बोला!

आकड्यासाठी पैसा उडवणारी माणसं आम्हाला नवी आहेत अशातला भाग नाही. डिचोलीच्या बाजारात सकाळी भाजीपाव खाताना शेजारच्या टेबलावर जी कुजबुज चालते ती मासळीच्या भावाची नसते, ‘आज काय फुटणार’ याची असते. पण आमचा माणूस दहा रुपये लावतो आणि जोडी लागली तर शेकड्यांत घेतो. या डुरांटनं लावले किती आणि घेतले किती? पेडण्याच्या बस स्टँडावर ही हकिकत सांगितली तेव्हा एका म्हाताऱ्यानं एवढंच विचारलं, “पूण ताचो उपेग कितें?” त्याकडे येऊच. आधी आकडा किती दांडगा आहे ते ऐका.

२ घ्या. त्याला २ नं गुणा, परत २ नं गुणा, असं करत १३,६२,७९,८४१ वेळा २ मांडून सगळ्यांचा गुणाकार करा आणि शेवटी १ वजा करा. जे उरतं त्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. किंमत चार कोटी नव्हे हो, नुसते अंकच चार कोटी! पुस्तक छापायला काढलं आणि पानावर अडीच हजार अंक बसवले, तर सोळा हजार चारशेच्या वर पानं होतील. आणि मोठ्यानं वाचायला बसलात, सेकंदाला एक अंक, जेवणखाण-झोप सगळं सोडून, तर पावणेपाचशे दिवस. यंदाच्या पेडण्याच्या पुनवेला सुरुवात केली तर पुढल्या वर्षीची पुनवही उलटेल आणि माघी पौर्णिमा उजाडेल तेव्हा कुठे शेवटचा अंक तोंडातून बाहेर पडेल.

एवढं अवाढव्य धूड, आणि भाग जातो फक्त दोघांनी: १ नं आणि त्याचं त्यानं. अशा संख्येला म्हणतात मूळ संख्या, फुटणाऱ्या संख्येला संयुक्त. गोव्यात राहणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको. आमच्याकडे वडिलोपार्जित घराचा एक-चौदाचा उतारा काढला की नावांची रांग लागते: आजोबांचे भाऊ, त्यांच्या मुली, मुलींचे नवरे, पोर्तुगालला गेलेला एक, बेपत्ता एक. चवथीला सगळे एका माटोळीखाली उभे राहतात आणि दुसऱ्या दिवशी वाटणीचा विषय निघतो. आणि ही चार कोटी अंकांची मिळकत बघा! वारस दोनच, तंटा नाही, वकील नाही.

आता गाड्यांच्या नंबरांकडे वळू, कारण खरी लाज आणणारी भानगड तिथे आहे. आमच्या पेडण्याच्या गाड्यांना जीए-११, डिचोलीच्या गाड्यांना जीए-०४. ११ ही मूळ संख्या, ४ ही संयुक्त. यावरून पेडणेकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही, पण पुढच्या चार अंकांसाठी माणसं जादा पैसे मोजतात ते बघितलं की ती कॉलर आपोआप खाली येते. सगळ्यांत भाव कुणाला? ०००१ ला. आणि १ ही मूळही नाही, संयुक्तही नाही! गणितानं तिला दोन्ही घरांतून बाहेर ठेवलेलं. मग ११११. दिसायला चार जवान एका रांगेत उभे, पण फोडले की ११ गुणिले १०१. ७७७७, ९९९९, सगळ्यांची तीच कथा. एकच अंक चारदा लिहिला की ११ आणि १०१ आतून दार उघडतातच. ०७८६ तर सम, म्हणजे २ नं लगेच भाग. त्यातल्या त्यात अब्रू राखतो तो ०००७, तोही जेम्स बाँडच्या पुण्याईनं.

त्यावर कडी म्हणजे ‘बेरीज नऊ’वाले. गाडी घ्यायची तर नंबराची बेरीज नऊच यायला हवी, नाहीतर घाटात बंद पडेल, असं मानणारी सुशिक्षित माणसं मी तालुक्यातालुक्यात पाहिली आहेत. बेरीज नऊ आली की त्या संख्येला ९ नं भाग जातोच, हे पाचवीत शिकवतात. म्हणजे जादा पैसे मोजून, ज्योतिषाला विचारून, माणूस खात्रीनं फुटणारा नंबर घरी आणतो. दहा हजारांच्या आत १,२२९ मूळ संख्या आहेत, म्हणजे साधारण आठात एक. त्यांतली सगळ्यांत मोठी ९९७३. कशानं फुटत नाही असा हा दणकट नंबर, आणि त्यासाठी कुणी रांग लावलेली ऐकली आहे का तुम्ही?

तारखांचं विचारू नका. १९६१, गोवा मुक्त झाला ते साल: ३७ गुणिले ५३. १९६७, जनमत कौलाचं साल, ज्यात पेडणे-डिचोलीकडची मतं एका बाजूला आणि निकाल दुसऱ्या बाजूला: ७ गुणिले २८१. आणि १९८७, घटक राज्य झालं ते साल? मूळ संख्या! हा मुद्दा राजकीय व्यासपीठावर अजून कुणी कसा वापरला नाही, याचंच मला नवल वाटतं. यात काही अर्थ नाही हे मला माहीत आहे, पण व्यासपीठावर अर्थ लागतो असं कुठे आहे?

तर मूळ मुद्दा. डिचोलीच्या त्या भाजीपावाच्या टेबलावर एक निवृत्त गणिताचे मास्तर बसतात. डुरांटचा आकडा किती मोठा, हे त्यांनी सांगितलं तेव्हा आकडेबहाद्दर मंडळींना काही वाटलं नाही. त्यांतल्या एकानं पावानं ताटलीतली पातळ भाजी पुसत नेमका प्रश्न टाकला, “मास्तर, शेवटचो आंकडो कितें?” म्हणजे क्लोज काय? चार कोटी अंक राहू द्या बाजूला, शेवटचा तेवढा सांगा.

मास्तरांनी वर्तमानपत्राच्या कडेला लिहायला घेतलं. २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६. शेवटचा अंक बघा: २, ४, ८, ६, परत २, ४, ८, ६. चाराचं चक्र. म्हणजे २ किती वेळा मांडला त्या संख्येला ४ नं भागा आणि बाकी पाहा. १३,६२,७९,८४१ मध्ये नुसते शेवटचे ४१ घेतले तरी पुरे. चाळीस गेले, बाकी १. म्हणजे गुणाकाराच्या शेवटी २. त्यातून १ वजा. क्लोज एक्का!

इथवर ठीक होतं. पण मास्तरांना राहवेना. त्यांनी या जातीच्या, म्हणजे मर्सेन जातीच्या, आजवर सापडलेल्या सगळ्यांत मोठ्या सात संख्यांचे घातांक ओळीनं लिहिले: ४,२६,४३,८०१, ४,३१,१२,६०९, ५,७८,८५,१६१, ७,४२,०७,२८१, ७,७२,३२,९१७, ८,२५,८९,९३३, आणि हा नवा. शेवटचे दोन-दोन अंक: ०१, ०९, ६१, ८१, १७, ३३, ४१. प्रत्येकाला ४ नं भागा. बाकी १, १, १, १, १, १, १.

सलग सात एक्के! टेबलावर हाहाकार उडाला. मटक्यात असं झालं असतं तर ‘सेटिंग आहे, सेटिंग आहे’ म्हणून लोकांनी दुकानाची फळकुटं काढली असती. या जातीच्या संख्यांचा (३ सोडली तर) शेवट १ किंवा ७ यांपैकीच असतो. तिसरा पर्याय नाही. म्हणजे सात वेळा सलग एक्का येणं ही साधारण सव्वाशेत एकदा घडावी अशी गोष्ट. “आता सत्ताच येतलो,” कुणीतरी ठणकावून सांगितलं. आठव्या क्रमांकावरची, ३,७१,५६,६६७ घातांकाची संख्या खरोखरच ७ वर संपते. पण पुढची कशावर संपेल ते मागच्या सातांवरून सांगता येत नाही. मागचे आकडे पुढच्याला बांधील नसतात. मास्तरांनी हे परोपरीनं सांगून पाहिलं. ज्या टेबलावर कालचे आकडे बघून आजचा काढतात, तिथे हे कोण ऐकणार?

अंकशास्त्रवाल्यांचंही समाधान करून टाकू. सगळे चार कोटी अंक मिळवत बसायची गरज नाही. २ च्या घातांची एकेरी बेरीज २, ४, ८, ७, ५, १ अशी सहांच्या चक्रात फिरते. घातांकाला ६ नं भागलं तर बाकी ५, चक्रातला पाचवा ५, वजा १, उत्तर ४. चार म्हणजे त्यांच्या शास्त्रात राहू. आणि आमच्या शास्त्रात डिचोली, जीए-०४! तेव्हा जगातली सगळ्यांत मोठी ठाऊक असलेली मूळ संख्या कुठल्या तालुक्यात नोंदवायची, हा वाद निकालात निघाला. पेडणेकरांनी अपील करावं.

या खुळाचा उगम शोधला तर तो निघतो एका पाद्र्याशी. मारँ मर्सेन, पॅरिसचा. त्यानं १६४४ मध्ये छापून टाकलं की २ चे अमुकअमुक घात घेऊन १ वजा केलं की मूळ संख्या मिळते, आणि २५७ पर्यंतची यादी दिली. यादीत ६७ आणि २५७ चुकीचे. ६१, ८९ आणि १०७ राहून गेलेले. पाच चुका! शाळेत असता तर बाकावर उभा केला असता. पण नाव कुणाचं लागलं? त्याचंच.

६७ चं भांडं फुटायला अडीचशे वर्षं गेली. ही संख्या मूळ नाही, हे ल्यूकास नावाच्या गणितज्ञानं १८७६ मध्ये दाखवलं, पण ती फुटते कशानं ते सापडेना. मग १९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला गणितज्ञांच्या सभेत फ्रँक कोल नावाचे प्राध्यापक फळ्याशी गेले. हकिकत अशी सांगतात की त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. एका बाजूला २ चा ६७ वा घात काढून १ वजा केला. दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ असा शाळकरी गुणाकार केला. दोन्ही उत्तरं एकच: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. खडू ठेवला, जागेवर जाऊन बसले, आणि सभेनं टाळ्यांचा कडकडाट केला. किती वेळ लागला, असं विचारल्यावर म्हणे उत्तर दिलं, तीन वर्षांचे रविवार. तीन वर्षांचे रविवार! घरच्यांनी काय म्हटलं असेल, ते मात्र कुणी नोंदवून ठेवलेलं नाही.

परक्यांची उणीदुणी पुरे. आता घरची भानगड, आणि ती जास्त खमंग आहे. हे खूळ आपल्या गोव्याच्या एका पोरालाही लागलं होतं. दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म ३१ जुलै १९०७ चा (१९०७ सुद्धा मूळ संख्या, तपासून घ्या), घराणं सांकवाळचं. वडील बौद्ध धर्माच्या ओढीनं घर सोडून निघालेले, तेव्हा पोरगा सरळ रेषेत चालेल ही अपेक्षा करणंच चूक. हार्वर्डला शिकला, परत आला, बनारस, मग अलीगढ. आणि अलीगढला चोविसाव्या वर्षी यानं काय केलं?

तिथल्या एका वरिष्ठाशी खटके उडत होते. सोबत होता आंद्रे व्हेल, फ्रेंच, तोही तसाच टारगट. त्याच्या सल्ल्यावरून कोसंबींनी १९३१ साली अलाहाबादच्या एका विद्वत्तापूर्ण पत्रिकेत तीन पानांचा लेख छापून आणला: ‘बुर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेयाचं व्यापक रूप’. हा बुर्बाकी कोण? तर एक रशियन गणितज्ञ, क्रांतीच्या धामधुमीत विषप्रयोगानं मेलेला. असा माणूस कधी जन्मालाच आला नव्हता! नाव पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांच्या जुन्या थट्टेतलं. पण गणिताच्या छापील लेखात ते झळकलं ते पहिल्यांदा आपल्या गोंयकाराच्या हातून. पुढे व्हेल आणि मित्रांनी त्याच नावानं ग्रंथांमागून ग्रंथ काढले आणि अर्ध्या जगाला ते अभ्यासावे लागले. एक थाप पचली की कुठवर जाते बघा.

पण गंमत वेगळी आणि झपाटणं वेगळं. मूळ संख्यांची गोष्ट अशी: शंभराच्या आत त्या २५, हजाराच्या आत १६८, दहा हजारांच्या आत १,२२९, लाखाच्या आत ९,५९२. पुढेपुढे विरळ होत जातात. किती विरळ, याचा अंदाज चांगला बांधता येतो. मात्र अंदाज आणि खरी मोजदाद यांच्यातली तफावत किती वाढू शकते, याची नेमकी मर्यादा अजून कुणी सिद्ध केलेली नाही. जर्मनीच्या रीमाननं १८५९ मध्ये एक अटकळ मांडली. ती खरी ठरली तर ही तफावत आवाक्यात राहील. बरोबर शंभर वर्षांनी, १९५९ मध्ये, कोसंबींना वाटलं की ती सिद्ध करण्याची वाट आपल्याला सापडली. त्यांनी संख्यारेषेचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्यात मूळ संख्या किती पडतात, याकडे संख्याशास्त्रज्ञाच्या नजरेनं, संभाव्यतेच्या अंगानं पाहिलं.

आणि छापलं कुठे? शेतीच्या संख्याशास्त्राच्या भारतीय नियतकालिकात! गणितातला सगळ्यांत दुर्घट प्रश्न, आणि शेजारी भात-गव्हाच्या पिकाचे अंदाज. मुंबईच्या विद्वानांच्या भुवया कुठवर गेल्या असतील! यात वेडगळ काही नव्हतं खरं तर. माणूस संख्याशास्त्रातच मुरलेला. जुनी नाणी हजारोंनी वजन करून इतिहास लिहिणारा, १९४४ मध्ये आनुवंशशास्त्राला दिलेलं त्याचं सूत्र आजही त्याच्या नावानं चालतं. पण सिद्धता टिकली नाही. मूळ संख्या वागतात यदृच्छेसारख्या, असतात मात्र ठरलेल्या. ‘बहुधा असंच होईल’ यावरून ‘असंच होतं’ इथवर पोहोचायला जो पूल लागतो तो तिथे नव्हता.

मग चर्चेला काय तोटा! टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली कोसंबींची नेमणूक १९६२ मध्ये संपली, ती वाढवली गेली नाही. लोक कारणं मोजतात: होमी भाभांशी अणुऊर्जेवरून मतभेद (हे म्हणत सूर्याची ऊर्जा वापरा), मार्क्सवाद, तिखट जीभ, रोज पुण्याहून डेक्कन क्वीननं ये-जा, आणि त्यांतच हे रीमान प्रकरण. माझं मत विचाराल तर शेवटचं निमित्त, बाकीचं बरंच आधीचं साठलेलं. गडी मात्र हटला नाही. १९६३ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत मूळ संख्यांवरच लेख, शिवाय ‘एस. डुक्रे’ असं भलतंच नाव घेऊन आणखी काही. बुर्बाकीची सवय, दुसरं काय! २९ जून १९६६ ला पुण्यात गेले तोवर हा नाद सुटला नव्हता. रीमानची अटकळ आजही सुटलेली नाही; २००० सालापासून तिच्यावर दहा लाख डॉलरचं बक्षीस आहे.

हां, तो उपेगाचा प्रश्न. तुम्ही फोनवरून मासळीचे पैसे देता ना, तो व्यवहार वाटेत कुणी वाचू नये म्हणून जी कुलपं लावतात, त्यांच्या पोटात मोठमोठ्या मूळ संख्या असतात. एका प्रचलित पद्धतीत तीनशेवर अंकांच्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार जगाला दाखवतात. तो फोडून दोघी वेगळ्या काढणं आजच्या यंत्रांच्या आवाक्याबाहेर. तीनशे अंक पुरतात. डुरांटच्या चार कोटींचा तिथे काहीच उपयोग नाही: एवढ्या बोजड संख्येनं कुलूप लावायलाच दिवस जाईल, शिवाय ती साऱ्या जगाला ठाऊक! तेव्हा म्हाताऱ्याला खरं उत्तर द्यायचं तर ‘कांयच ना’. असल्या संख्या शोधणाऱ्या प्रोग्रामनं यंत्रांच्या चिप तापवून तपासता येतात, वगैरे सांगतात खरे. पण तेवढ्यासाठी कुणी १७ देश पालथे घालत नाही.

आणि हे खूळ इथवर पोहोचलेलं नाही अशा समजात राहू नका. संख्या शोधायचा तो प्रोग्राम फुकट मिळतो, कुणीही उतरवून घ्यावा. दहा कोटी अंकांची मूळ संख्या पहिल्यांदा शोधणाऱ्याला दीड लाख डॉलर जाहीर आहेत आणि ते अजून कुणी नेलेले नाहीत. पेडण्याच्या एका वाड्यावर इंजिनिअरिंगच्या एका पोरानं घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो लावून ठेवला आहे. पंखा रात्रंदिवस घुमतो, खोलीत पाय ठेवला तर गरम वाफ अंगावर येते. त्याची आई दुपारी हुमणाचं वाटण करायला मिक्सर लावते तेव्हा त्याचा प्लग सरळ उपटून ठेवते. पोरगा म्हणतो चालतं, थांबला तिथून पुढे सुरू होतो. परवा निकाल आला: संख्या मूळ नाही, भाग जातो. कशानं जातो ते यंत्र सांगत नाही. दुसरा घातांक लगेच आला, आणि आईनं आता कॉम्प्युटरसाठी वेगळा बोर्ड बसवून घ्यायचं मनावर घेतलं आहे.